वायुकोथ
क्लॉस्ट्रिडियम वंशातील अनॉक्सिजीवी (मुक्त ऑक्सिजनाच्या अभावी वाढणाऱ्या) सूक्ष्मजंतूंमुळे होणारा, जखमेतील स्नायूंचा झपाट्याने नाश करणारा गंभीर रोग. ऊतकांत (समान रचना व कार्य असणाऱ्या कोशिकांच्या म्हणजे पेशींच्या समूहांत) वायू साठणे, स्नायूंचा मृत्यू आणि जंतुविषांमुळे होणारा तीव्र अवसाद (रक्तदाब एकदम उतरून शरीराच्या सर्व क्रिया मंदावणे) ही त्याची तीन प्रमुख वैशिष्ट्ये होत. इंग्रजीत या रोगाला ‘गॅस गँग्रीन’ म्हणतात. विकृतिविज्ञानात ‘क्लॉस्ट्रिडियमजन्य स्नायुमृत्यू’ ही संज्ञा अधिक नेमकी मानली जाते; कारण प्रत्येक रुग्णात प्रारंभी वायू आढळतोच असे नाही आणि वायू आढळलेली प्रत्येक जखम या रोगाची असतेच असे नाही. रोग विरळा असला, तरी त्याची गती विलक्षण असते. जखम झाल्यापासून पुष्कळदा एका दिवसाच्या आत तो सुरू होतो आणि पुढील एकदोन दिवसांत रुग्णाचा मृत्यू ओढवू शकतो. म्हणूनच निदान व चिकित्सा यांत झालेला काही तासांचा विलंबही अवयव वा प्राण गमावण्यास कारणीभूत होतो.

रोगकारक सूक्ष्मजंतू : बहुसंख्य रुग्णांत क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स ही जाती आढळते. क्लॉ. वेल्चाय हे तिचे जुने नाव अद्यापही काही ग्रंथांत आढळते. क्लॉ. नोव्ही, क्लॉ. सेप्टिकम, क्लॉ. हिस्टोलिटिकम आणि क्लॉ. सॉर्डेली या जातींमुळेही रोग होतो. एकाच जखमेत दोन वा अधिक जाती एकत्र असू शकतात. हे सर्व सूक्ष्मजंतू दंडाकार असून ग्रॅम-रंजक व्यक्त (ग्रॅम यांच्या रंजनक्रियेत जांभळा रंग टिकवून धरणारे) असतात. प्रतिकूल परिस्थितीत ते बीजाणू तयार करतात. बीजाणू म्हणजे जाड आवरण असलेली सुप्तावस्था होय. कोरडेपणा, अल्कोहॉल व नेहमीची जंतुरोधके यांना बीजाणू दाद देत नाहीत. शस्त्रक्रियेची उपकरणे बीजाणुरहित करण्यासाठी दाबाखालील वाफेत १२१° से. तापमानास किमान १५ मिनिटे ठेवावी लागतात.

या सूक्ष्मजंतूंचे वसतिस्थान सर्वत्र आहे. मनुष्य व जनावरे यांच्या मोठ्या आतड्यात ते नेहमीच असतात आणि विष्ठेवाटे जमिनीत मिसळतात. शेणखत घातलेल्या शेतजमिनीत त्यांचे प्रमाण विशेष असते. मातीने माखलेल्या जखमांची तपासणी केल्यास त्यांपैकी पुष्कळ जखमांत ते सापडतात. परंतु अशा जखमांपैकी फार थोड्या जखमांत वायुकोथ होतो. सूक्ष्मजंतूंचे अस्तित्व आणि रोग यांतील हा फरक समजून घेणे हे या रोगाच्या निदानाचे व प्रतिबंधाचे मूळ सूत्र आहे. धनुर्वाताचा सूक्ष्मजंतू याच वंशातील असला, तरी त्याचे विष तंत्रिका तंत्रावर (मज्जासंस्थेवर) परिणाम करते आणि जखम क्षुल्लक दिसत असतानाही रोग होतो. वायुकोथात मात्र मुख्य विध्वंस जखमेतच सुरू होतो. [⟶ धनुर्वात].

इतिहास : ऑक्सिजनाशिवाय जगू शकणारे सूक्ष्मजंतू असतात, हे फ्रेंच शास्त्रज्ञ लूई पाश्चर (१८२२–९५) यांनी १८६१ मध्ये दाखवून दिले. पाश्चर व झूबेर यांनी १८७७ मध्ये आज क्लॉ. सेप्टिकम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सूक्ष्मजंतूचे वर्णन केले. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे विल्यम हेन्री वेल्च (१८५०–१९३४) यांना १८९१ मध्ये एका शवपरीक्षेत रक्तवाहिन्यांत वायूचे बुडबुडे आढळले. त्यावरून केलेल्या अभ्यासाअंती वेल्च व जॉर्ज नटॉल यांनी १८९२ मध्ये क्लॉ. परफ्रिंजेन्सचे वर्णन प्रसिद्ध केले.

या रोगाचे भीषण स्वरूप पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) प्रत्ययास आले. पश्चिम आघाडीवरील खंदक फ्लँडर्स व उत्तर फ्रान्समधील पिढ्यान्‌पिढ्या खत घातलेल्या शेतजमिनीत खोदलेले होते. तोफगोळ्यांच्या तुकड्यांबरोबर माती व गणवेशाच्या चिंध्या स्नायूंत खोलवर शिरत आणि जखमी सैनिक रुग्णालयात पोहोचण्यास अनेक तास लागत. जंतुरोधक द्रव्यांनी जखम धुऊन ती शिवून टाकण्याची तोपर्यंतची पद्धत येथे निरुपयोगी ठरली. फ्रान्समधील बूलोन येथील लष्करी प्रयोगशाळेत काम करणारे अलेक्झांडर फ्लेमिंग (१८८१–१९५५) यांनी या अपयशाचे कारण एका साध्या प्रयोगाने स्पष्ट केले. त्यांनी काचेच्या नळीला टोकदार पोकळ फाटे काढून वेड्यावाकड्या जखमेची प्रतिकृती बनविली. ती सूक्ष्मजंतुयुक्त द्रवाने भरून रिकामी केली, नंतर जंतुरोधकाने भरली व रिकामी केली आणि शेवटी निर्जंतुक रक्तरस घालून ठेवली. फाट्यांच्या टोकांशी जंतुरोधक पोहोचत नसल्याने तेथील सूक्ष्मजंतू वाढून पुन्हा सर्व द्रवात पसरले. बेल्जियन शस्त्रक्रियाविशारद आंत्वान दपाज (१८६२–१९२५) आणि इतर शस्त्रवैद्य यांनी मृत ऊतक कापून काढणे, जखम उघडी ठेवणे व काही दिवसांनी ती शिवणे ही पद्धत रूढ केली. अलेक्सिस कॅरेल व हेन्री डेकिन यांनी सौम्य हायपोक्लोराइट विद्रावाने जखम सतत धुण्याची योजना केली. पुढे त्वरित शस्त्रक्रिया, जखमींची जलद वाहतूक आणि पेनिसिलीन यांमुळे दुसऱ्या महायुद्धात व त्यानंतरच्या युद्धांत या रोगाचे प्रमाण पुष्कळच घटले.

संप्राप्ती : निरोगी स्नायूला रक्ताद्वारे भरपूर ऑक्सिजन मिळतो. अशा स्नायूत पडलेले बीजाणू अंकुरित होत नाहीत. स्नायू चेंगरणे, मोठी रोहिणी तुटणे, आवळपट्टी फार काळ बांधलेली राहणे, घट्ट प्लॅस्टरामुळे रक्तपुरवठा बंद पडणे अथवा जखमेत माती, कापड, लाकूड यांसारखे आगंतुक पदार्थ राहणे यांमुळे ऊतकातील ऑक्सिजन कमी होतो. जखमेत शिरलेले ऑक्सिजीवी सूक्ष्मजंतू उरलासुरला ऑक्सिजन वापरून टाकतात. अशा ठिकाणी बीजाणू अंकुरित होऊन सूक्ष्मजंतूंचे विभाजन सुरू होते. अनुकूल परिस्थितीत क्लॉ. परफ्रिंजेन्सची संख्या सु. दहा मिनिटांत दुप्पट होऊ शकते.

वाढणारे सूक्ष्मजंतू अनेक विषे निर्माण करतात. त्यांपैकी आल्फा विष सर्वांत महत्त्वाचे आहे. ते लेसिथिनाचे विघटन करणारे एंझाइम असल्याचे मॅकफार्लेन व नाइट यांनी १९४१ मध्ये दाखविले. जंतुविष हे एंझाइम असू शकते, याचा तो पहिला पुरावा होता. लेसिथीन हा कोशिकांच्या पटलाचा प्रमुख घटक असल्याने या विषामुळे स्नायुकोशिका व रक्तातील तांबड्या कोशिका फुटतात. थीटा विष कोशिकापटलाला छिद्रे पाडते. या दोन विषांमुळे रक्तातील बिंबाणू व श्वेत कोशिका यांच्या गुठळ्या बनून सूक्ष्म रक्तवाहिन्या बंद पडतात. परिणामी श्वेत कोशिका रोगस्थानी पोहोचू शकत नाहीत आणि लगतचा निरोगी स्नायूही ऑक्सिजनाला मुकतो. अशा रीतीने प्रत्येक मृत स्नायुतंतू पुढील तंतूच्या मृत्यूची पूर्वतयारी करतो व रोग एका तासात काही सेंटिमीटर पुढे सरकू शकतो. शर्करांच्या किण्वनातून निर्माण होणारे हायड्रोजन व कार्बन डाय-ऑक्साइड हे वायू स्नायुतंतूंमध्ये साठतात आणि दाब वाढवून रक्तपुरवठ्यात आणखी अडथळा आणतात. रक्तात मिसळलेल्या विषांचा हृदय व रक्तवाहिन्या यांवर परिणाम होऊन अवसाद उत्पन्न होतो.

प्रकार : (१) आघातजन्य : रस्त्यावरील, कारखान्यांतील व शेतीच्या यंत्रांचे अपघात, उघडे अस्थिभंग आणि युद्धातील जखमा यांनंतर होणारा हा प्रकार सर्वाधिक आढळतो. चीनमधील सिचवान प्रांतात २००८ मध्ये झालेल्या भूकंपातील काही जखमींतही तो आढळला होता. (२) शस्त्रक्रियोत्तर : आतडे वा पित्ताशय यांवरील शस्त्रक्रिया आणि रक्तपुरवठा बिघडलेल्या पायाचे मांडीतून केलेले विच्छेदन यांनंतर रुग्णाच्या स्वतःच्याच आतड्यातील सूक्ष्मजंतूंमुळे हा होतो. (३) गर्भाशयाचा : अस्वच्छ परिस्थितीत केलेला गर्भपात वा प्रसूती यांनंतर होतो. (४) उत्स्फूर्त : यात बाह्य जखम नसते. आतड्यातील क्लॉ. सेप्टिकम रक्तावाटे स्नायूंत पोहोचतो. या जातीला थोडाफार ऑक्सिजन सहन होत असल्याने ती निरोगी स्नायूतही वाढू शकते. अशा रुग्णांत मोठ्या आतड्याचा कर्करोग किंवा श्वेत कोशिकांची न्यूनता पुष्कळदा आढळते. त्यामुळे रुग्ण वाचल्यास आतड्याची तपासणी करणे आवश्यक असते. (५) अंतःक्षेपणजन्य : अशुद्ध मादक द्रव्ये टोचून घेणाऱ्यांत हा आढळतो. स्कॉटलंड, इंग्लंड व आयर्लंडमध्ये २००० साली हेरॉइन टोचून घेणाऱ्यांत क्लॉ. नोव्हीमुळे अशी साथ उद्‌भवली होती.

लक्षणे : परिपाककाल (सूक्ष्मजंतूंच्या शिरकावापासून लक्षणे दिसू लागेपर्यंतचा काळ) सामान्यतः २४ तासांहून कमी असतो, तथापि तो सहा तासांपासून काही दिवसांपर्यंत असू शकतो. पहिले लक्षण बहुधा वेदना हे असते. शस्त्रक्रियेनंतर वा प्लॅस्टर घातल्यावर शांत असलेला रुग्ण अचानक असह्य वेदनेची तक्रार करू लागतो आणि बाहेरून दिसणाऱ्या जखमेच्या मानाने ती वेदना फारच अधिक असते. जागा सुजते व ताणली जाते. त्वचा प्रथम फिकट व चकचकीत, नंतर काशाच्या रंगाची आणि शेवटी जांभळी वा काळी होते. तिच्यावर लालसर काळ्या द्रवाने भरलेले फोड येतात. जखमेतून पुवाऐवजी पातळ, तपकिरी, विशिष्ट गोडसर दुर्गंधी असलेला स्राव वाहतो. बोटांनी दाबल्यास त्वचेखाली बारीक कुरकुर जाणवते. हे लक्षण मात्र उशिरा येते.

ज्वर बेताचा असतानाही नाडी अतिशय जलद चालते, ही महत्त्वाची सूचक खूण होय. रुग्ण फिकट, घामाघूम व भयभीत दिसतो. पुष्कळदा तो अखेरपर्यंत पूर्ण शुद्धीवर असतो. तांबड्या कोशिकांच्या नाशामुळे पांडुरोग व कावीळ, मूत्राला गडद रंग, वृक्कांचे (मूत्रपिंडांचे) कार्य बंद पडणे आणि अवसाद ही पुढील अवस्थेची लक्षणे असतात.

निदान : वायुकोथाचे निदान प्रथम रुग्णाजवळ बसून करावयाचे असते, प्रयोगशाळा त्याला दुजोरा देते. संवर्धनाचा निष्कर्ष मिळण्यास एक ते तीन दिवस लागतात आणि तेवढा अवधी रुग्णाजवळ नसतो. असह्य वेदना, जलद नाडी व बदललेली त्वचा यांवरून संशय येताच जखम उघडून स्नायू पाहणे हा सर्वांत विश्वसनीय मार्ग आहे. रोगग्रस्त स्नायू प्रथम फिकट, मग विटकरी व शेवटी काळपट दिसतो. तो लिबलिबीत असतो. चिमट्याने दाबल्यास आकुंचन पावत नाही आणि कापल्यास त्यातून रक्त येत नाही. रंग, घट्टपणा, आकुंचनक्षमता व रक्तस्राव या चार कसोट्यांवर स्नायूच्या जिवंतपणाचा निर्णय घेतात.

स्राव वा स्नायूचा तुकडा काचपट्टीवर घेऊन ग्रॅम-रंजन केल्यास काही मिनिटांतच उपयुक्त माहिती मिळते. दोन्ही टोकांना चौकोनी भासणारे मोठे, जाड, जांभळे दंडाणू मोठ्या संख्येने दिसतात. त्याच वेळी श्वेत कोशिका जवळजवळ दिसत नाहीत किंवा फुटलेल्या असतात. पूयजनक संक्रामणात याच्या नेमके उलट चित्र असते. क्ष-किरण चित्रात किंवा संगणकीय छेदचित्रात स्नायुतंतूंच्या दिशेने पसरलेल्या वायूच्या पिसासारख्या रेषा दिसतात. परंतु वायू दिसला नाही म्हणून रोग नाही, असे मानणे धोक्याचे ठरते.

संवर्धनासाठी कापसाच्या बोळ्यावर घेतलेल्या स्रावापेक्षा ऊतकाचा तुकडा किंवा पिचकारीत ओढलेला द्रव हवेशी संपर्क टाळून पाठविणे इष्ट असते. रॉबर्टसन यांचे शिजविलेल्या मांसाचे माध्यम आणि ऑक्सिजनरहित पात्रात ठेवलेले रक्तयुक्त आगर ही माध्यमे वापरतात. रक्तयुक्त आगरावर क्लॉ. परफ्रिंजेन्सच्या वसाहतींभोवती रक्तविलयनाची दुहेरी वलये दिसतात. अंड्यातील पिवळा बलक मिसळलेल्या माध्यमावर आल्फा विषामुळे दुधी वलय उमटते आणि प्रतिविष लावलेल्या अर्ध्या भागात ते उमटत नाही. नागलर यांनी १९३९ मध्ये वर्णिलेली ही विक्रिया त्यांच्या नावाने ओळखली जाते. अलीकडे द्रव्यमानवर्णपटमापन व जनुकीय परीक्षा यांमुळे जाती ओळखण्याचे काम जलद झाले आहे. लक्षणे नसताना केवळ संवर्धनात हे सूक्ष्मजंतू आढळले, तर त्यावरून वायुकोथाचे निदान करता येत नाही.

विभेदक निदान : (१) अनॉक्सिजीवी सूक्ष्मजंतूंमुळे होणाऱ्या त्वचेखालील ऊतकाच्या शोथात वायू भरपूर असतो, पण स्नायू निरोगी असतो, वेदना कमी असते व विषबाधा सौम्य असते. अशा रुग्णाचा अवयव विनाकारण कापला जाऊ नये म्हणून हा भेद महत्त्वाचा आहे. (२) ऊतकमृत्युजनक प्रावरणीशोथात स्नायूंवरील पातळ आवरणाचा नाश होतो. बॅक्टिरॉइडीज, पेप्टोस्ट्रेप्टोकॉकस यांसारखे बीजाणुरहित अनॉक्सिजीवी आणि ऑक्सिजीवी सूक्ष्मजंतू यात एकमेकांस साहाय्य करतात. मधुमेही व्यक्तींच्या पायांच्या जखमांत असे मिश्र संक्रामण पुष्कळदा आढळते. स्रावाची तीव्र घाण ही त्याची नेहमीची खूण होय. (३) स्ट्रेप्टोकॉकसजन्य स्नायुशोथात स्राव पूयमय असतो व ग्रॅम-रंजनात साखळीसारखे गोलाणू दिसतात. (४) अपघातात वा शस्त्रक्रियेच्या वेळी बाहेरून शिरलेल्या हवेमुळेही कुरकुर जाणवते. मात्र ती वाढत जात नाही व रुग्णाची प्रकृती ठीक असते.

चिकित्सा : शस्त्रक्रिया हा चिकित्सेचा पाया आहे. मृत स्नायूला रक्तपुरवठा नसल्याने शिरेतून दिलेले प्रतिजैव औषध तेथे पोहोचतच नाही. म्हणून संशय बळावताच अवसादावर उपचार करीत असतानाच शस्त्रक्रिया करतात. जखम रुंद उघडून, प्रावरणी छेदून स्नायूंवरील दाब कमी करतात आणि आकुंचन पावणारा व रक्त येणारा स्नायू लागेपर्यंत सर्व मृत ऊतक काढून टाकतात. जखम शिवत नाहीत. साधारणतः २४ तासांच्या आत ती पुन्हा तपासून नव्याने मेलेला भाग काढतात. अवयवातील सर्व स्नायुगट रोगग्रस्त असल्यास प्राण वाचविण्यासाठी विच्छेदन करावे लागते व त्याचा बुंधाही उघडाच ठेवतात.

प्रतिजैव औषधे ताबडतोब सुरू करतात. प्रौढ व्यक्तीस पेनिसिलीन-जी २० ते ४० लाख एकक दर चार ते सहा तासांनी आणि क्लिंडामायसीन ६०० ते ९०० मिग्रॅ. दर आठ तासांनी शिरेतून देण्याची पद्धत आहे. पेनिसिलीन सूक्ष्मजंतू मारते, तर क्लिंडामायसीन प्रथिननिर्मिती थांबवून विषाचे उत्पादन बंद पाडते. म्हणून दोन्ही एकत्र देतात. निश्चित निदान होईपर्यंत मिश्र संक्रामणाची शक्यता लक्षात घेऊन अधिक विस्तृत प्रभावाची औषधे देतात. रक्त व द्रव पदार्थ देणे, वृक्कांच्या कार्यावर लक्ष ठेवणे आणि धनुर्वातप्रतिबंधक उपाय करणे आवश्यक असते. पूर्वी वापरात असलेले प्रतिविष परिणामकारकतेविषयीची शंका व रक्तरसजन्य प्रतिक्रियांचा धोका यांमुळे मागे पडले.

दाबाखालील ऑक्सिजन : ॲम्स्टरडॅम येथील ब्रुमेलकाम्प, बूरेमा व त्यांचे सहकारी यांनी १९६१ मध्ये रुग्णास बंदिस्त कक्षात वातावरणाच्या तिप्पट दाबाखाली ऑक्सिजन देण्याची पद्धत प्रसिद्ध केली. ऊतकांतील ऑक्सिजनाचे प्रमाण वाढल्याने आल्फा विषाची निर्मिती थांबते. नियंत्रित चिकित्सालयीन चाचण्यांच्या अभावी या उपायाचे नेमके मूल्य वादग्रस्त राहिले आहे. तो शस्त्रक्रियेला पूरक आहे, पर्याय नव्हे. अशा कक्षाच्या शोधात रुग्णाला दूर हलवून शस्त्रक्रिया लांबविणे घातक ठरते.

फलानुमान : उपचार न झाल्यास हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. हातापायांच्या आघातजन्य वायुकोथात वेळेवर शस्त्रक्रिया झाल्यास बहुसंख्य रुग्ण वाचतात. धड व उदर यांचा वायुकोथ आणि उत्स्फूर्त प्रकार यांत मृत्यूचे प्रमाण पुष्कळच अधिक असते.

प्रतिबंध : जखम भरपूर स्वच्छ पाण्याने धुणे, तिच्यावर माती, शेण, राख इ. पदार्थ न लावणे, आवळपट्टी गरजेपेक्षा अधिक काळ न ठेवणे आणि रुग्णास शक्य तितक्या लवकर रुग्णालयात पोहोचविणे हे प्राथमिक उपाय होत. रुग्णालयात आगंतुक पदार्थ व मृत ऊतक काढून टाकतात. चेंगरलेली किंवा मातीने माखलेली खोल जखम तत्काळ शिवणे ही गंभीर चूक होय. कारण टाक्यांनी बंद केलेली पोकळी हीच ऑक्सिजनविरहित पोकळी ठरते. अशी जखम सैल पट्टीखाली उघडी ठेवून, संक्रामणाची चिन्हे नसल्यास चार ते सहा दिवसांनी शिवतात. प्लॅस्टराखाली वेदना वाढल्यास केवळ वेदनाशामक न देता प्लॅस्टर कापून जखम पाहणे आवश्यक असते. शल्यकर्मापूर्वी प्रतिजैव औषध दिल्याने धोका कमी होतो; पण त्यामुळे अपुऱ्या शस्त्रक्रियेची भरपाई होत नाही.

जनावरांतील रोग : गायीगुरांतील फऱ्या वा एकटांग्या हा रोग याच वंशातील क्लॉ. शोव्हीमुळे होतो. विशेषतः सहा महिने ते दोन वर्षे वयाची धष्टपुष्ट जनावरे त्याला बळी पडतात. चाऱ्यातून शरीरात गेलेले बीजाणू स्नायूंत सुप्त राहतात व मुका मार लागल्यावर अंकुरित होतात, असे मानले जाते. फऱ्याच्या मांसल भागावर कुरकुरणारी सूज येऊन जनावर लंगडते आणि एकदोन दिवसांत मरते. या रोगावर परिणामकारक लस असून महाराष्ट्रात ती पावसाळ्यापूर्वी टोचण्याची पद्धत आहे. मनुष्यातील वायुकोथावर आल्फा विषाच्या अंशापासून बनविलेल्या लसींचे प्राण्यांवर प्रयोग झाले असले, तरी मनुष्याकरिता लस प्रचारात आलेली नाही. त्यामुळे मनुष्याच्या बाबतीत जखमेची तत्पर व योग्य शस्त्रक्रिया हाच मुख्य प्रतिबंधक उपाय आहे. [⟶ कोथ, जखमा व इजा, फऱ्या रोग].